थोरलीचा वारा

आमच्या ट्रकला वारा लागत नव्हता. एवढंच कारण होतं. त्यावरून पुढं जे झालं त्यात सहा बायका सरकारी कागदावर हमाल ठरल्या, एक पोलीस रक्ताचा माग काढत माझ्या दारापर्यंत आला आणि विमा खात्यातले एक जबाबदार अधिकारी भर रस्त्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत उभे राहिले. यातलं काहीच माझ्या मनात नव्हतं. मला फक्त इंजिन गार ठेवायचं होतं.

ट्रक मी १९८३ साली लष्कराच्या लिलावात घेतला. दुसऱ्या महायुद्धातला, गोल नाकाचा, तीन टनी. का घेतला, असं लोक अजून विचारतात. मी चोवीस वर्षं लष्कराच्या वाहनांच्या सुट्या भागांच्या कोठारात होतो. तिथं मी अशा गाड्यांचे हजारो भाग मोजले, पण सगळे भाग एकमेकांना जोडलेली एक अख्खी गाडी कधी माझ्या ताब्यात आली नव्हती. हे कारण सांगितलं की लोक गप्प बसतात, म्हणून मी तेच सांगतो.

कोठारात होतो म्हणजे मला ट्रकमधलं सगळं कळतं, असा मालवीय नगरात समज होता. फॅनबेल्टचा सामान-क्रमांक मला झोपेतून उठवून विचारा, मी सांगेन. पण तो पट्टा कुठल्या बाजूनं चढवतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. गाडी चालवता यायची, तेवढं लष्करानं शिकवलं होतं. बाकी काही येत नाही ही गोष्ट जयपुरात फक्त गिरिजाला माहीत होती आणि तिनं ती कुणाला सांगितली नाही. लोक मला सुभेदार म्हणायचे. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. हेही तिनं कुणाला सांगितलं नाही.

गिरिजा म्हणजे माझी बायको. ती असताना मी तिला 'अगं' म्हणायचो. नाव आता घेतो.

ट्रकला ती 'थोरली' म्हणायची. ट्रक त्रेचाळीस सालचा, ती चव्वेचाळीसची. तेव्हा वयानं थोरली ट्रकच. "थोरलीला पाणी पाजलं का? मग हातपाय धुवा, धाकटीनं भाकरी टाकलीय," असं ती स्वयंपाकघरातून म्हणायची. मला ती थट्टा वाटायची आणि तेव्हा ती थट्टाच होती.

आता बसोडा म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याकडं श्रावणात शीतला सप्तमी असते. जयपूरकडं होळीनंतर आठव्या दिवशी शीतलेचा सण असतो, त्याला बसोडा म्हणतात. त्या दिवशी घरात चूल, स्टोव्ह काही पेटवायचं नाही. आदल्या दिवशी केलेल्या पुऱ्या, गुळाचे गुलगुले, ताकातली बाजरीची राबडी हे सगळं गार खायचं. शहरापासून तास-दीड तासावर चाकसू आहे. तिथल्या टेकडीवर देवीची मोठी जत्रा भरते. गिरिजा साताऱ्याकडची. तिनं श्रावणातलीही शीतला धरली आणि इथलाही बसोडा धरला. दोन्हीकडचं कसं चालेल, असं मी विचारलं तर म्हणाली, देवी एकच आहे, तिला वर्षातून दोनदा गार वाटलं तर कुणाचं काय बिघडतं?

पंच्याऐंशी सालच्या बसोड्याला आमच्या अंगणात बायका जमल्या होत्या. मराठी बायका जयपुरात मूठभर. कुणाचा नवरा फौजेत, कुणाचा बँकेत, कुणाचा विम्यात. त्यात गंगूबाई म्हणजे मुख्य. त्यांचे यजमान माझ्या आधी फौजेत होते, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणतो. गंगूवहिनींनी राबडी खाता खाता ट्रककडं पाहिलं आणि म्हणाल्या, गाडी म्हणून काही खरी नाही, पण कोंबड्या ठेवायला झकास आहे. सगळ्या हसल्या. मी दारात उभा होतो. गिरिजा हसली नाही. तिनं पदराला हात पुसले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पुढच्या बसोड्याला तुम्हा सगळ्यांना ह्यातूनच चाकसूला नेते. हे चालवतील."

कार्तिकात ती गेली. कावीळ झाली, अकरा दिवसांत संपलं. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही.

माघ लागता लागता गंगूवहिनी आल्या. चहा मीच केला. तो त्यांनी अर्धा ठेवला. मग म्हणाल्या, "भावजी, बसोडा जवळ आला. बायांना काय सांगू?"

मी म्हणालो की वर्षाच्या आत घरात सण नाही.

"सण आम्ही करू. तुम्ही नुसती गाडी हाणा. गाडीला सुतक नसतं." मग दाराशी जाऊन थांबल्या. "तिनं शब्द दिलेला. ती काही आता पुरा करायला यायची नाही."

मुलगी सुमन लग्न होऊन कोट्याला असते. तिला मी पत्रानं कळवलं. तिचं उत्तर आलं: 'बाबा, ट्रक मतलब शेवटी ट्रकच आहे, बेचून टाका ना.' ती लहानपणापासून इथंच वाढली. तिचं मराठी असंच आहे. पण आईनं शब्द दिला होता, हे तिला मी कळवलंच नव्हतं.

मग मी थोरलीची चाचणी सुरू केली. चाकसूचा रस्ता सांगानेरवरून जातो. मालवीय नगर ते सांगानेर काही लांब नाही, पण थोरली विमानतळाचं वळण आलं की उकळायची. आधी काटा चढायचा, मग शिट्टी, मग बॉनेटच्या फटींतून वाफ. तीन आठवड्यांत मी पाच वेळा निघालो आणि पाचही वेळा त्याच वळणाच्या आसपास थांबलो. तिथं कापड छापणारे लोक नदीच्या पात्रात तागे वाळत घालतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी मला पाहताच एकजण बादली घेऊन चालू लागला. पाचव्या दिवशी बादली आधीच रस्त्याच्या कडेला भरून ठेवलेली होती. माणसं भली होती, पण ती बादली कापड खळबळवण्याची होती आणि त्यात लाल रंगाचं पाणी होतं. मी घाईत ते रेडिएटरमध्ये ओतलं. रेडिएटरला खाली एक बारीक गळती होती. परत येताना सांगानेर ते मालवीय नगर रस्त्यावर लाल थेंबांची एक ओळ पडत आली आणि त्या ओळीवरून सायकलवर एक पोलीस आला.

"किसको मारा?" त्यानं विचारलं.

कुणालाच नाही, असं मी सांगितलं. त्यानं वाकून थेंब बोटावर घेतला, वास घेतला, मग उन्हात धरून पाहिला. रंग आहे हे पटल्यावर तो जरा खट्टू झाला. चार मैल उन्हातून आला होता, त्याचंही बरोबर होतं. शेजारपाजारचे लोक मात्र दोन दिवस माझ्याकडं वेगळ्या नजरेनं पाहत होते. सुभेदार माणूस, बायको गेल्यापासून ठीक नाही, असं त्यांचं मत झालं होतं.

ही बातमी वैशाली नगरात उमाकांतकडं पोहोचली. उमाकांत विमा खात्यात अधिकारी, मूळचा पुण्याचा. त्याची बायको रत्नप्रभा चाकसूला येणाऱ्यांत होती, म्हणजे त्याचं या प्रकरणात नातं होतं. तो स्कूटरवरून आला, बॉनेट उघडून पाहिलं, बंद केलं आणि म्हणाला, "सुभेदारसाहेब, प्रश्न साधा आहे. जयपूरची हवाच गरम. गरम हवा आत घेऊन इंजिन गार कसं होईल? आपण घरात काय करतो?"

घरात आपण कूलर लावतो. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, त्यावर पाणी, आत पंखा. मला ते पटलं. नव्हतं पटायला पाहिजे, पण पटलं. आम्ही लादूराम कूलरवाल्याच्या दुकानातून वाळ्याच्या दोन ताट्या आणल्या, रेडिएटरच्या पुढं बांधल्या आणि वर तेलाचा रिकामा डबा भोक पाडून बसवला, म्हणजे थेंब थेंब पाणी गळत राहील. वास इतका सुंदर सुटला की शेजारच्या बायका गच्चीवर आल्या. आम्ही बाजाराच्या रस्त्यानं निघालो. उमाकांत पायरीवर उभा राहून ताट्यांवर मगानं पाणी मारत होता. चौकात गाडी थांबली तर तिघांनी पुढं येऊन ओंजळी धरल्या. त्यांना वाटलं ही फिरती पाणपोई आहे. एका म्हाताऱ्याला उमाकांतनं पाणी पाजलंही. परत कसं पाठवणार? तेवढ्यात थोरली उकळली. विमानतळापर्यंतही गेली नाही. वाळ्याची दाट ताटी समोर बांधल्यावर वारा आत येणार कुठून, हा विचार आमच्या दोघांच्या डोक्यात आला नव्हता. वाफेलाही अत्तराचा वास होता, एवढीच जमेची बाजू.

इथं मला एक आठवण सांगितली पाहिजे, कारण ती पुढं लागते.

आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे, पश्चिमेची. जयपूरचा उन्हाळा आणि पश्चिमेची खिडकी, त्यात स्टोव्ह. गिरिजा म्हणायची, खिडकीत एक पंखा बसवा. मी म्हणायचो, पंख्यानं स्टोव्ह विझेल. ती म्हणायची, आत वारा घालणारा नको, धग बाहेर घालवणारा बसवा. मी म्हणायचो, पंखा तो पंखा, स्टोव्ह विझेलच. हे कारण मी अठरा वर्षं वापरलं. एकदा मी गमतीनं म्हणालो की कोठारात मागणी लेखी द्यावी लागते. तिनं कॅलेंडरच्या पानामागं खरंच लिहून दिलं: 'पंखा, धग बाहेर काढणारा, नग एक. कारण: मनुष्य वापरतो.' मी त्यावर लाल पेन्सिलीनं 'विचाराधीन' लिहून सही करून परत दिलं. आम्ही दोघं हसलो. ती थोडं कमी हसली होती, हे मला आता आठवतं. मी बाहेरच्या खोलीत कूलरसमोर बसलेलो असायचो.

तर ताट्या फसल्यावर उमाकांत म्हणाला की रेडिएटरच्या मागं पंखा आहे, पण तो म्हातारा झाला. पुढं आणखी एक लावू. भंगारातून आम्ही बसच्या ड्रायव्हरसमोर असतो तसा बॅटरीवरचा मोठा पंखा आणला आणि रेडिएटरच्या पुढं नटबोल्टानं आवळला. दोन तारा होत्या. उमाकांतनं त्या जोडल्या. बटण दाबलं. मी गाडीसमोर उभा होतो. माझ्या तोंडावर भरपूर वारा आला. उमाकांत येऊन शेजारी उभा राहिला. त्याच्याही तोंडावर आला. शर्ट फडफडले. आम्ही दोघं तिथं दहा मिनिटं उभे होतो, चहासुद्धा तिथंच घेतला. असा वारा असताना इंजिन तापेलच कसं, असं आमचं ठरलं. वारा आमच्याकडं येतोय म्हणजे इंजिनाकडं जात नाही, हे दोन शिकलेल्या माणसांना सुचू नये याची मला आजही लाज वाटते. समोर उभा आहे त्याला गार वाटलं म्हणजे वारा चांगला, असा आम्ही हिशेब धरला.

याच आत्मविश्वासात मी परवान्याच्या ऑफिसात गेलो. मालाच्या ट्रकमध्ये माणसं न्यायला मनाई होती. खिडकीमागचे बाबूजी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, माल काय? मी म्हणालो, बायका. त्यांनी चष्मा काढला. मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. गिरिजानं शब्द दिला होता तेही सांगितलं. ते बराच वेळ नियमांचं पुस्तक चाळत बसले. पुस्तकात मालासोबत मालाचा मालक आणि सहा हमाल चालत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि लिहायला सुरुवात केली. माल: पुऱ्या, गुलगुले, राबडी, देवीच्या प्रसादासाठी. हमाल: सहा. मालक म्हणून एक नाव द्या, म्हणाले. मी गंगूवहिनींचं दिलं.

घरी येऊन कागद वाचून दाखवला तेव्हा रत्नप्रभावहिनींना तो अपमान वाटला. गंगूवहिनींनी मात्र कागद हातात घेऊन न्याहाळला.

"हमाल्या तर जन्मभर केल्या, कागदावर आत्ता आलं," त्या म्हणाल्या. "आणि मालकीण म्हणून पहिल्यांदाच कुणी लिहिलं, तेही पुऱ्यांची. जपून ठेवा हो."

कागद झाला, पण गाडीची तपासणी राहिली होती. इंजिन पंधरा मिनिटं उभ्या जागी चालवून दाखवायचं होतं. मी पुढचा पंखा लावला. तपासनीस साहेब गाडीसमोर येऊन उभे राहिले. मार्चचं ऊन होतं. त्यांच्या तोंडावर वारा आला तसे ते खुलले. त्यांनी आतून दोघांना बोलावलं. ते तिघं, चहावाला आणि दुसऱ्या गाडीचे दोन मालक, असे सगळे थोरलीसमोर ओळीनं उभे राहिले. एकानं शर्टाची वरची गुंडी सोडली. इतकी चांगली गाडी बरेच दिवसांत पाहिली नाही, असं साहेब म्हणाले. नवव्या मिनिटाला बॉनेटमधून शिट्टी झाली आणि त्या सगळ्यांच्या अंगावर वाफ गेली. कुणाला भाजलं नाही, देवीची कृपा. साहेबांनी चेहरा पुसला आणि बसोड्याच्या आदल्या दिवसाची तारीख दिली. तेव्हाही असंच झालं तर गाडी रस्त्यावर आणायची नाही, असं बजावून सांगितलं.

सात दिवस उरले होते. मी वाळ्याच्या ताट्या परत करायला लादूरामकडं गेलो. खरं म्हणजे माझं धैर्य संपलं होतं. लादूराम पत्र्याची पेटी ठोकत होता. ताट्यांना ग्रीस कसं लागलं, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो हसला नाही. हातोडा ठेवून, दुकान तसंच टाकून माझ्याबरोबर चालत आला. वाटेत त्यानं अगरबत्तीचा एक पुडा घेतला. मला वाटलं पूजा करणार.

त्यानं इंजिन सुरू करायला लावलं आणि जळती अगरबत्ती रेडिएटरपुढं धरली. धूर आत जायच्या ऐवजी पुढच्या पंख्यानं आमच्याकडं लोटला. "साब, दोनों पंखे लड़ रहे हैं," तो म्हणाला. पुढच्या पंख्याच्या तारा उलट्या होत्या. तो त्यानं सरळ काढूनच टाकला. मग त्यानं अगरबत्ती मागच्या पंख्याजवळ धरली. तो पंखा रेडिएटरपासून वीतभर मागं होता आणि मधे सगळं उघडं. धूर पंख्यातून मागं जायचा, बाजूनं वळसा घालून पुढं यायचा आणि पुन्हा त्याच पंख्यात शिरायचा. तीच गरम हवा गोल गोल फिरत होती. रेडिएटरमधून नवी हवा ओढली जातच नव्हती. मूळ गाडीत या जागी पत्र्याचा घेरा असतो. आमच्या गाडीचा लिलावाच्या आधीच कुठंतरी गेला असणार. त्या घेऱ्याचा सामान-क्रमांक मला पाठ होता. तो कशासाठी असतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

"ठंडी हवा के पीछे मत भागो साब," लादूराम म्हणाला. "गरम को बाहर जाने का रास्ता दो. ठंडी अपने आप आएगी."

हे मी आधी कुठंतरी ऐकलं आहे असं मला वाटलं. कोठाराच्या एखाद्या परिपत्रकात असेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

संध्याकाळी तो दुकानाच्या माळ्यावरून एक घेरा घेऊन आला. एका बाजूनं चौकोनी, दुसऱ्या बाजूनं गोल, कडा दुमडून घेतलेल्या, सांधे साफ. जुनी ऑर्डर आहे, कुणी न्यायला आलं नाही, म्हणाला. दोन ठिकाणी कापून त्यानं तो रेडिएटरच्या मागं बसवला, पंखा त्याच्या गोल तोंडात येईल असा. मी पान्हे देत होतो. काम इतकं सुबक होतं की मला राहवलं नाही. मी म्हणालो, ज्यानं हा करून घेऊन नेला नाही तो माणूस मूर्ख असला पाहिजे.

लादूराम वाकून बोल्ट आवळत होता. "मूरख नहीं साब," तो म्हणाला. "मजबूर होगा."

अगरबत्ती पुन्हा धरली. धूर जाळीतून सरळ आत ओढला गेला. रेडिएटरची गळतीही त्यानं डाग देऊन बंद केली. तपासणीत पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, काटा हलला नाही. साहेब या वेळी बाजूला उभे होते. समोर वारा नव्हता म्हणून थोडे नाराज दिसले, पण सही केली.

बसोड्याच्या दिवशी आम्ही सकाळी निघालो. सहा हमाल, एक मालकीण, पुऱ्यांचे डबे, राबडीची हंडी. उमाकांत आणि लादूराम माझ्याशेजारी. लादूराम दर वर्षी जातोच. विमानतळाच्या वळणावर कापड छापणाऱ्यांतला तो माणूस बादली घेऊन उभा होता. आम्ही न थांबता गेलो. आरशात पाहिलं, तर तो बादली हातात धरून तसाच उभा होता. मला त्याला हात करायचा होता, पण गाडीत गाणी चालली होती आणि मी स्टिअरिंग सोडलं नाही. चाकसूच्या अलीकडं जत्रेची गर्दी लागली. बैलगाड्या, ट्रॅक्टर, उंटगाड्या, बसेस. माणसाच्या चालीनं दोन तास. रस्त्याच्या कडेला नव्या नव्या गाड्या तोंड उघडून वाफा सोडत उभ्या होत्या. थोरली चालत राहिली. मागून गंगूवहिनी ओरडल्या, "भावजी, कोंबड्यांची गाडी बरी चालते की." मला वाटलं हे गिरिजानं ऐकायला हवं होतं. नुसतं ऐकून ती स्वयंपाकघरात निघून गेली असती तरी चाललं असतं.

टेकडीखाली बायका उतरल्या आणि वर गेल्या. उमाकांत रत्नप्रभावहिनींचे डबे घेऊन त्यांच्या मागं गेला. मी वर गेलो नाही, वर्षाच्या आत आहे. मी बॉनेट उघडलं. काही बिघाड नव्हता. मला फक्त पाहायचं होतं. घेऱ्यावर रस्त्याची धूळ बसली होती, ती मी फडक्यानं पुसली. आतल्या कडेला ब्रशनं पांढऱ्या रंगात काही लिहिलं होतं. लादूराम आपल्या मालावर गिऱ्हाइकाचं नाव लिहितो. मी मान वाकडी करून वाचलं.

'गिरजा बाई. रसोई की खिड़की. मई ८३.'

लादूराम चाकाजवळ सावलीत बसला होता. मी त्याला बोलावलं नाही, पण तो उठून आला. त्यानं त्या अक्षरांकडं पाहिलं.

"बहनजी ने बताने से मना किया था," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. ती सुतळीला गाठी मारून खिडकीचं माप घेऊन आली होती. पंखा कुठला, किती इंची, सगळं विचारून ठरवून गेली होती. जून महिन्यात साहेब पंधरा दिवस गावी जाणार आहेत, तेव्हा येऊन बसवून टाक, म्हणाली होती. बसल्यावर ते काढायला सांगणार नाहीत, फक्त बसवू देणार नाहीत. घेरा तयार झाला. जूनमध्ये ती पुन्हा दुकानात आली आणि म्हणाली, रहने दो भैया, ते या वर्षी गावी जात नाहीत, त्यांनी ट्रक घेतलाय.

त्या जूनमध्ये मी गावी गेलो नव्हतो. रजेचे सगळे दिवस थोरलीच्या खाली पाठ टेकून काढले होते. तिनं मला दोनदा विचारलं होतं, जाणार नाही का, आई वाट बघत असतील. मला वाटलं तिला माझ्या आईची काळजी.

"उसके बाद?" मी विचारलं.

"हर गर्मी में पूछती थीं, रखा है ना? मैं कहता, रखा है."

वरून बायका आल्या. गंगूवहिनींनी पत्रावळीवर पुऱ्या आणि दही आणून माझ्या हातात दिलं, इंजिनाकडं पाहिलं आणि विचारलं, "काय झालं, तापली का?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. गार आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि पत्रावळीवर आणखी एक पुरी ठेवली. गार पुऱ्या मी उभ्यानं खाल्ल्या.

परत आल्यावर चार दिवसांनी मी लादूरामला बोलावून घेरा थोरलीतून काढायला लावला. त्याची इच्छा नव्हती. दुसरा बनवून देतो, हा राहू द्या, म्हणाला. मी म्हणालो, दुसरा कधीतरी बनव, हा खिडकीचा आहे. कापलेल्या दोन जागी त्यानं तुकडे जोडून दिले. खिडकीत तो बरोबर बसला, सुतळीच्या मापात सुताचाही फरक नव्हता. त्यात धग बाहेर फेकणारा पंखा लावला. थोरली तेव्हापासून अंगणात उभी आहे. सुमनचं पत्र येतं, बेचून टाका ना. मी 'विचाराधीन' असं कळवतो.

पंखा बसला त्या दुपारी मी स्टोव्ह पेटवला. पश्चिमेचं ऊन भिंतीवर आलं होतं. पंख्याचं बटण दाबलं आणि ती उभी राहायची तिथं उभा राहिलो. धग खिडकीकडं ओढली जाऊ लागली, मानेवरचा घाम हळूहळू वाळला. मी वाकून स्टोव्हकडं पाहत राहिलो. अठरा वर्षं सांगत आलो होतो की विझेल.

ज्योत विझली नाही. हललीसुद्धा नाही. मी ती बराच वेळ तशीच पाहत उभा होतो आणि वर भांडं ठेवायचं राहून गेलं.